जिवंत माणसाचा पिंड

आमच्या स्वयंपाकघरात तांदळाचे दोन डबे होते आणि त्यांतले तांदूळ कधी एकत्र होत नसत. खिडकीखालच्या पितळी डब्यात नानांचे तांदूळ, म्हणजे लग्न, मुंज, वास्तुशांत, सत्यनारायण अशा कार्यांतून आलेले. दाराजवळच्या पत्र्याच्या डब्यात तात्यांचे, घाटावर यात्रेकरूंच्या श्राद्धांतून आलेले. नाना माझे वडील, तात्या त्यांचे थोरले भाऊ. दोघेही भिक्षुक, पण नाना मंगलकार्यं करायचे आणि तात्या पितरांची. तात्या विधुर होते, मूलबाळ नव्हतं, जेवायला आमच्याकडेच असत, आणि पत्र्याच्या डब्यातला दाणा घरच्या कोणाच्या पानात पडू नये हा नियम त्यांनीच घातलेला होता. ते तांदूळ आई गाईला घालायची, उरलेले भांडी घासणाऱ्या बाईला द्यायची. त्या बाईला ते कसे चालतात, हा प्रश्न त्या वयात मला पडला नाही. घरात कोणालाच पडला नाही, हे आता लिहिताना जाणवतं.

बनारसला ब्रह्मा घाटावरच्या आमच्या गल्लीत पहाटेपासून आवाज असत. समोरच्या घरात विद्यार्थी वेदाची संथा घ्यायला बसायचे, एकच ओळ पुन्हा पुन्हा, आणि त्यात एखाद्याचा स्वर चुकला की नाना दाढी करता करता आपल्या जागेवरून ती ओळ बरोबर करून म्हणायचे. वानरं पत्र्यावरून धावायची. खालच्या वळणावर दूधवाल्याची आणि नावाड्यांची भांडणं चालायची. लांबच्या रस्त्यावरून ‘राम नाम सत्य है’ ऐकू यायचं, दिवसातून कितीदा ते कोणी मोजत नसे. त्या आवाजात आम्ही जेवायचो, अभ्यास करायचो, आई शिवणाचं मशीन चालवायची. घरात आम्ही मराठीच बोलायचो, पण त्या मराठीत भाजीला सब्जी आणि दुधीला लौकी म्हणत. पुण्याची पाहुणे मंडळी आली की हसत. नाना त्यांना सांगत, “गंगेचं पाणी आहे, थोडं तरी मिसळणारच.”

नानांच्या कामामुळे घरात नारळ असायचे. बनारसच्या बाजारात नारळ मिळतो, पण रोजच्या स्वयंपाकात घालावा इतका सहज नाही. आमच्याकडे मात्र लग्नसराईत कोपऱ्यात रास लागायची. परवलाच्या भाजीत खोबरं, आमटीत खोबरं, उरलेल्याच्या वड्या. नाना खोबऱ्याचा तुकडा गालात धरून सिनेमाची गाणी गुणगुणायचे. भिक्षुक माणसाने सिनेमाला जाऊ नये अशी तात्यांची समजूत होती, म्हणून नाना दुपारच्या खेळाला जायचे आणि शेंडी टोपीत घालायचे. तात्यांना ते माहीत होतं. नाना सात वर्षांचे असताना आजोबा वारले, मग नानांची मुंज तात्यांनी लावली, पहिली संथा तात्यांनी दिली. तात्या त्यांना रागावत असत, पण नजर लेकाकडे पाहावं तशी असे.

हे सगळं आता लिहायला बसले त्याला कारण एक फोन. निशांत नावाचा ठाण्याचा एक मुलगा. तो आणि त्याचे दोन मित्र जुने, पडेल, स्वस्तातले भुताखेतांचे सिनेमे शोधतात, त्यांची फिल्म साफ करून घेतात आणि घरी पाहायच्या डिस्कवर काढतात. असे सिनेमे जमवणारे शौकीन लोक आहेत, असं तो म्हणाला. मला खरं वाटलं नाही, पण त्याने पाठवलेलं पाहिल्यावर वाटलं. “मावशी, ‘अधूरा पिंडदान’मध्ये जो मुर्दा डोळे उघडतो, ते तुमचे वडील ना?” त्याने विचारलं. चाळीस वर्षांत हा प्रश्न मला इतक्या आदराने कोणी विचारला नव्हता.

मी बँकेत नोकरी केली. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगळं ठेवायची मला सवय आहे. शूटिंगच्या दिवशी मी घाटावर होते, ते पाहिलेलं आहे. पुढे काही गोष्टी ऐकलेल्या आहेत, तिथे तसं सांगेन.

सिनेमाची गोष्ट साधी होती. एक लोभी पंडित घाईत पिंडदान अर्धवट सोडतो, म्हणून मेलेले उठतात आणि गावभर लोकांना चावत फिरतात. कंपनी मुंबईची, दिग्दर्शकाला सगळे भल्लासाब म्हणत. पैसा बेताचा असावा, कारण मुर्दे सगळे आमच्याच भागातले होते. गल्लीतले रिकामे तरुण आणि काही नावाडी. त्यांना मैदा, डिंक आणि चितेची म्हणून चुलीची राख फासायचे. रक्त म्हणजे साखरेच्या पाकात लाल रंग, त्यामुळे मुर्द्यांवर माशा बसायच्या आणि ते हातवारे करून हाकलायचे. मधल्या सुट्टीत तसेच तोंडं रंगवून ते कचोरीच्या दुकानात रांगेत उभे राहायचे. दुकानदार म्हणायचा, “मुर्दा हो तो क्या, लाइन में लगो.”

पिंडाच्या प्रसंगाला भल्लासाबांना खरा पंडित हवा होता, हात खरे चालणारा. तात्या आधी नाही म्हणाले. मग घाटाच्या डागडुजीसाठी कंपनी काहीतरी देणार आहे असं कोणी सांगितलं, तेव्हा त्यांनी अट घातली. क्रिया हाताने दाखवीन, पण श्राद्धाचे मंत्र म्हणणार नाही. तोंडाने एखादं स्तोत्र म्हणेन. भल्लासाब म्हणाले, “जो बोलना है बोलिए पंडितजी, आवाज़ तो बंबई में डलेगी.”

शूटिंग शिंदे घाटावर होतं, पाण्यात कललेल्या त्या देवळापुढे. थंडीचे दिवस, भर दुपार. पडद्यावर ती अमावास्येची रात्र आहे. कॅमेऱ्यापुढे निळी काच लावून दुपारची रात्र करत. निशांतने मला विचारलं की हे खरं का, कारण त्यांना रंग नव्याने बसवायचे होते. मी म्हटलं, सावल्या बघ, कशा ठळक आहेत. अमावास्येला अशी सावली पडते का?

तिरडीवरचा मुर्दा व्हायला मुंबईचा एक नट आणला होता. त्याने आदल्या दिवशी कोणाच्या तरी आग्रहाने भांग घेतली आणि त्या दुपारी तो धर्मशाळेत हसत लोळत होता. सगळे खोळंबले. भल्लासाबांची नजर पायऱ्यांवर बसलेल्या नानांवर गेली. नाना सडपातळ, नाक धारदार, गालफडं वर आलेली. त्यांना विचारायच्या आत नानाच उठले.

“मी झोपतो. झोपायला काय लागतं?”

“रघू, अभद्र आहे हे,” तात्या म्हणाले.

“तात्या, नाटकात राजा झालं तर राज्य मिळतं का? मग मुर्दा झालं तर मरण कसं येईल? तुम्ही फक्त नाव घेऊ नका म्हणजे झालं.”

नाना तिरडीवर आडवे झाले, नाकात कापूस घातला गेला, कपाळाला राख लागली. माझ्याकडे पाहून त्यांनी एक डोळा मिचकावला. मी हसले. आई घरी होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

पहिल्यांदा घेतलं तेव्हा पाण्यातून कोणाची नाव मध्ये आली. दुसऱ्यांदा भल्लासाबांना तात्यांचा हात आवडला नाही. “पंडितजी, हाथ डर रहा है. आप रोज़ करते हैं न, वैसे ही कीजिए. हमको भूल जाइए.” तात्या सकाळपासून उपाशी होते, कारण दर्भ हातात घालायचा तर ते जेवत नसत, मग ते नाटक का असेना. तिसऱ्यांदा त्यांनी अनामिकेतलं दर्भाचं पवित्रक सारखं केलं, तीळ आणि पाणी घेतलं, भाताचा पिंड उचलला, आणि भल्लासाबांनी सांगितलं तसंच केलं. आम्हाला सगळ्यांना विसरले.

मी चार पायऱ्या वर होते. स्तोत्र कुठे संपलं ते मला कळलं नाही. कळलं तेव्हा तात्यांचा आवाज रोजचा झालेला होता, घाटावरचा, सपाट आणि वेगवान. तीस वर्षं जी वाट तोंडात बसली होती त्या वाटेने तो आपोआप चालला होता. त्या मंत्रात एक जागा येते जिथे मेलेल्याचं गोत्र आणि नाव घालायचं असतं. रोज ते समोरच्या यजमानाला विचारून घालायचे. त्या दिवशी समोर यजमान नव्हता, समोर धाकट्या भावाचा चेहरा होता. तात्या म्हणाले, कौशिक गोत्र. म्हणाले, रघुनाथ शर्मा. त्यापुढे ‘प्रेत’ हा शब्द लावला आणि पिंड खाली ठेवला.

नानांचे डोळे उघडले.

सिनेमात आहे तो हाच शॉट. गोष्टीप्रमाणे मुर्दा त्या वेळी उठायचा नव्हता, पण भल्लासाबांनी कॅमेरा थांबवला नाही. निशांत सांगतो की हौशी लोकांत हा शॉट नावाजलेला आहे. लोक विचारतात, त्या माणसाने असा अभिनय केला कसा? डोळे उघडतात, पण आधी कुठेच पाहत नाहीत. मग हळूहळू बाजूला वळतात आणि पिंड ठेवणाऱ्यावर थांबतात. त्यानंतरच्या प्रसंगात मुर्दा उठून पंडिताला चावतो, तिथे दुसराच माणूस आहे. त्याचं नाक बसकं आहे. हौशी लोकांना तीही गंमत वाटते. खरं असं झालं की नाना उठले, नाकातला कापूस काढला, पाण्यात उतरून कपड्यांसकट बुडी मारली आणि मला म्हणाले, “चल घरी.” तात्या पिंडासमोर तसेच बसून राहिले होते.

पायऱ्यांवर बघायला निम्मा ब्रह्मा घाट जमलेला होता. त्यांतल्या बऱ्याच जणांना तो मंत्र पाठ होता. आम्ही घरी पोचायच्या आत आईला कळलेलं होतं. तिने नानांना ओल्या कपड्यांत दारात पाहिलं आणि काही न विचारता कोरडं धोतर आणून दिलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, “घेतलं का नाव?” मी हो म्हणून मान हलवली. नाना म्हणाले, “पोरीला काय विचारतेस? नाही घेतलं.”

दोन दिवसांनी शास्त्रीबुवा आले. धर्मशास्त्रात त्यांचा शब्द आमच्या भागात शेवटचा, आणि ते नानांचे गुरू. तात्या कोपऱ्यात पाटावर बसले होते. आई दाराआड होती, मी तिच्यामागे. शास्त्रीबुवांनी पाणी घेतलं नाही, सरळ मुद्द्यावर आले. ज्याला चुकून मेलेला मानून क्रिया केली आणि तो जिवंत निघाला, त्याच्यासाठी शास्त्रात सोय आहे. त्याने पुन्हा जन्म घ्यायचा. तुपाने भरलेल्या पात्रात बसायचं, बाहेर काढून न्हाऊ घालायचं, मग जातकर्म, बारसं, मुंज, सगळं ओळीने, आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न.

नाना म्हणाले, “बारशाला पाळणा जरा मोठा लागेल.”

“रघुनाथ.”

“आणि लग्नाला हिला विचारायचं ना? या खेपेला नाही म्हणाली तर?”

“नाही म्हणणार नाही,” आई दाराआडून म्हणाली.

शास्त्रीबुवांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. “तीन दिवसांत होऊन जाईल. मी स्वतः बसतो. पण आधी चार जणांसमोर मान्य करावं लागेल की पिंड पडला. कोणी दिला, तेही सांगावं लागेल.”

तेव्हा मला कळलं की नाना सकाळपासून इतके विनोद का करत होते. जिवंत माणसाला प्रेत म्हणून पिंड देणाऱ्या भिक्षुकाला घाटावर बसता येत नाही. त्याच्या हातून कोणी श्राद्ध करून घेत नाही. तात्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं कोणी नव्हतं. नाना पुन्हा जन्माला आले असते तर त्यांना त्यांची लग्नं-मुंजी परत मिळाल्या असत्या, पण तात्यांचा घाट गेला असता.

“तात्यांनी नाव घेतलं नाही,” नाना म्हणाले. “ते स्तोत्र म्हणत होते. लोकांनी चुकीचं ऐकलं.”

“मी तुझा गुरू आहे, रघुनाथ.”

“म्हणूनच विचार करून सांगतोय. मी मेलो नव्हतो, तर पुन्हा जन्मू कशाला?”

शास्त्रीबुवांनी तात्यांकडे पाहिलं. तात्या पाटाच्या कडेकडे पाहत होते. शास्त्रीबुवा उठून गेले.

कोणी बहिष्कार वगैरे घातला नाही. आमच्या लोकांत असं काही तोंडावर बोलत नाहीत. फक्त बोलावणी थांबली. एका घरी मुंज ठरलेली होती, त्यांनी निरोप पाठवला की मुलाचे मामा पुण्याहून गुरुजी आणताहेत. दुसऱ्यांनी निरोपही पाठवला नाही. चैत्रात हळदीकुंकवाला बायका गल्लीतल्या दारोदार फिरल्या, आमच्या दारावरून जाताना त्यांचं बोलणं थांबलं आणि दोन दारं पुढे गेल्यावर पुन्हा सुरू झालं. आईचं काय करायचं हे त्यांना कळत नव्हतं. कुंकू लावायचं तर नवऱ्याचा पिंड पडलेला. न लावायचं तर नवरा ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचतोय. आई रोज सकाळी आरशासमोर नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावायची आणि भाजी आणायला मुद्दाम लांबच्या वाटेने जायची.

तात्यांचं काम चालू राहिलं. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना आमच्या गल्लीतलं काही माहीत नसायचं. कोपऱ्यातले नारळ संपले आणि नवे आले नाहीत. पितळी डबा रिकामा झाला. एका दुपारी आईने पत्र्याच्या डब्यातले तांदूळ घेतले, निवडले, शिजवले आणि पानं वाढली. यात्रेकरू गावाकडून आणत तो तांदूळ जाडा असायचा. पाहताक्षणी ओळखू यायचा. तात्यांनी पानाकडे पाहिलं आणि चित्राहुती घालताना पानाभोवती फिरवायच्या पाण्यावरच त्यांचा हात थांबला.

“तात्या,” आई म्हणाली. ती त्यांच्यासमोर एरवी कधी बोलत नसे. “तुम्ही एकदा बोला. एकदाच, शास्त्रीबुवांसमोर. मग मी जन्मभर हा तांदूळ शिजवीन, काही म्हणणार नाही.”

“त्यांना आमटी वाढ,” नाना म्हणाले.

“मी तुमच्याशी बोलत नाहीये.”

“पण मी तुझ्याशी बोलतोय. आमटी वाढ.” मग त्यांनी एक घास घेतला. “चांगला झालाय भात. उगाच गाईला घालत होतो.”

तात्यांनी पान पूर्ण संपवलं. मी त्यांच्या समोर बसले होते. ते रडत नव्हते, हे मी पाहिलेलं आहे. पुढे नातेवाइकांत ते रडले अशी कथा झाली, ती खरी नाही. ते फक्त खूप सावकाश जेवले.

तात्यांबद्दल मला त्या काळात जे वाटायचं ते लिहिण्याजोगं नाही. आता त्यांच्या तेव्हाच्या वयाला मी पोचले आहे. भीती माणसाला कशी एकेक दिवस पुढे ढकलायला लावते, हे नोकरीत, संसारात पुष्कळ पाहिलं. त्यामुळे ते मला समजतात. माफ केलं का, असं कोणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला. नाना मला घेऊन दुपारच्या खेळाला गेले, या खेपेला शेंडी न लपवता. हॉल भरलेला होता. मुर्दे आले की पोरं शिट्ट्या वाजवायची, राख फासलेल्यांत ओळखीचा दिसला की नाव घेऊन ओरडायची. मग तो शॉट आला. मंत्राच्या जागी ढगांचा गडगडाट आणि पेटीसारखं काहीतरी वाद्य होतं. तात्यांचा आवाज कुठेच नव्हता. डोळे उघडले आणि सगळा हॉल एकदम गप्प झाला. मी नानांकडे पाहिलं. ते पडद्याकडे ज्या नजरेने पाहत होते ती पडद्यावरच्यासारखीच होती. बाहेर पडताना पानवाल्याने त्यांना ओळखलं. “का गुरु, उठ गइलऽ?”

“अभी बैठा हूँ,” नाना म्हणाले. “उठूँगा तो सबसे पहले तुमको काटूँगा.”

पानवाला खूश झाला. त्या दिवसापासून त्यांचं नाव मुर्दा गुरु पडलं. पोरं लांबून हाक मारायची. ते पहिल्यांदा दात विचकून दाखवायचे, पोरं पळायची. काही महिन्यांनी ते नुसता हात हलवू लागले. नंतर तेही बंद झालं. एका शाळेतल्या मुलांना ते संस्कृत शिकवायला जात, घाटापासून लांब, जिथे कोणाला काही ठाऊक नव्हतं. समोरच्या घरात संथा चालायची. स्वर चुकायचा, तो चुकतच राहायचा.

मग त्यांना कावीळ झाली, ती हटली नाही. मरणाचा संबंध त्या पिंडाशी लोकांनी लावला. मी लावत नाही. तो आजार त्या वर्षी आमच्या भागात अनेकांना झाला होता आणि दोष पाण्याचा होता, असं डॉक्टर म्हणाले होते. पण एवढं मी पाहिलं आहे की औषधाची वेळ झाली की ते सावकाश, जणू दुसऱ्या कोणाचं काम असल्यासारखे गोळी घ्यायचे.

शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी तात्या त्यांच्या उशाशी बसले होते. मी पाणी घेऊन आत गेले तेव्हा तात्या म्हणत होते, “रघू, मी बोलतो आता. सगळ्यांना बोलावून बोलतो. शास्त्रीबुवा अजून तयार आहेत.”

नानांचे डोळे पिवळे झाले होते. “आता राहू द्या,” ते म्हणाले. “थोडं थांबा. आता खरंच म्हणायला लागेल.”

ते गेले. मुलगा नव्हता, म्हणून क्रियेला तात्या बसले. दहाव्या दिवशी घाटावर मी नव्हते. बायका जात नसत. पुढचं मला शास्त्रीबुवांनी सांगितलं. पिंडाची तयारी झाली, सांगणाऱ्या भिक्षुकाने नाव घ्यायला सांगितलं, तेव्हा तात्या उठून उभे राहिले. घाटावर आमच्या लोकांची बरीच गर्दी होती. ते म्हणाले, या नावाने याआधी एक पिंड पडलेला आहे. तो मी दिला. माणूस जिवंत होता. तो खोटं बोलला ते माझ्यासाठी. मग खाली बसले आणि क्रिया पुरी केली. त्या दिवसानंतर ते घाटावर बसले नाहीत. कोणी सांगायच्या आधीच त्यांनी घाटावरची आपली छत्री आणि बसायची चौकी दुसऱ्या एका भिक्षुकाला देऊन टाकली. आईने त्यांना पुढची सहा वर्षं, ते असेपर्यंत, दोन वेळा जेवायला वाढलं. माझ्या आठवणीत ती त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही.

नव्या डिस्कसाठी निशांतला जुन्या निगेटिव्हमधली बुरशी आणि ओरखडे एकेका चौकटीतून काढावे लागले. पूर्वी मी हा सिनेमा एकदा व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता, तेव्हा सगळं निळ्या धुक्यात होतं. आता दर्भाची काडी दिसते. पिंडावरचे तीळ दिसतात. निशांतने पाठवलेला तो प्रसंग मी आईला दाखवावा की नाही, यात माझे काही दिवस गेले. ती ऐंशीच्या पुढे आहे. शेवटी तिनेच विचारलं, “तो मुलगा फोन करतो, त्याने काय पाठवलंय ते मला का दाखवत नाहीस?”

मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. नाना तिरडीवर होते, माझ्या आताच्या वयापेक्षा पंधरा-एक वर्षांनी लहान. आईने चष्मा पुसला. तात्या पिंड हातात घेऊन बसलेले दिसले आणि ती म्हणाली, “थांबव. मागे घे.” मी मागे घेतलं. आवाज गडगडाटाचाच होता, पण तात्यांचे ओठ आता स्वच्छ दिसत होते. आईने ते तीनदा पाहिले. गोत्र, मग नाव, मग तो शब्द.

“घेतलं की,” ती म्हणाली.

“घेतलं होतं, आई. तुला माहीत होतं.”

“माहीत होतं. पाहिलं नव्हतं.”

मग तिने पुढचं लावायला सांगितलं, आणि डोळे उघडतात त्या जागेवर थांबवून बराच वेळ पाहत बसली. मला वाटलं ती रडेल. तिने बोट पुढे करून पडद्यावरच्या नानांच्या कपाळावरची राख पुसल्यासारखं केलं आणि म्हणाली, “नाकात कापूस घालून श्वास कसा घेत होते, देव जाणे.”

जुन्या सिनेमात मुर्द्यांची नावं नव्हती. निशांतला ती शेवटी घालायची होती आणि त्याने यादीचा फोटो पाठवला होता. बहुतेक जण गेलेले होते, म्हणून त्यांच्या नावांआधी ‘स्व.’ लावलं होतं. नानांच्या नावाआधीही होतं. मी आईला वाचून दाखवलं, स्पेलिंग वगैरे बरोबर आहे ना म्हणून.

“ते काढायला सांग,” ती म्हणाली.

“काय?”

“‘स्व.’ काढायला सांग त्याला.”

“सगळ्यांनाच लावलंय गं. जे गेले त्यांना.”

“बाकीच्यांचं त्यांच्या घरचे बघतील. फोन लाव. मीच बोलते.”

मी फोन लावून तिच्या हातात दिला. निशांत दोनदा ‘आजी, आजी’ म्हणाला. तिने त्याला ठाण्याला पाऊस आहे का विचारलं, जेवलास का विचारलं. मग नानांचं पूर्ण नाव सांगितलं आणि त्याच्याकडून परत म्हणवून घेतलं. तो काहीतरी विचारत होता, ते मला ऐकू आलं नाही.

“हो, गेले. पण तुझ्या सिनेमानंतर गेले,” ती त्याला म्हणाली. “तू नुसतं नाव लिही, बेटा. आधी काही नको, नंतरही काही नको.”